आउलबेअर माणसाळवायचा असेल तर

(दृश्य: टेबलावर चौकोन आखलेला नकाशा. चार छोट्या मूर्ती, समोर एक मोठी.)

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात तिसऱ्या लेव्हलची चार पात्रं जंगलातल्या गुहेच्या तोंडाशी पोचली आहेत. आत आउलबेअर आहे. धड अस्वलाचं, डोकं घुबडाचं, आणि तापट स्वभाव कुणाचा घेतलाय ते सांगता येणार नाही. तलवारी निघतात. तेवढ्यात रेंजर, म्हणजे रानात वावरणारी लढवय्यी, खेळणारी म्हणते, "थांबा रे. याला मारायचं नाही. मला हा पाळायचाय."

सगळे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरकडे, म्हणजे डीएमकडे बघतात. डीएम "नाही जमणार" म्हणाला तर एक चांगली गोष्ट तिथेच मेली. "बरं, टाक फासा" म्हणाला आणि वीस बाजूंच्या फाशावर थेट २० पडले, तर टाळ्या होतात, आणि पुढच्या प्रत्येक लढाईत ते धूड फुकटात गटाच्या बाजूनं उभं राहतं. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्याची किंमत तीन-चार सत्रांनंतर कळते. तसंही खेळाच्या पाचव्या आवृत्तीत २० पडल्यावर हमखास यश मिळतं ते हल्ल्याच्या फाशाला. कौशल्याच्या फाशाला तसा नियमच नाही.

(दृश्य: प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांचा ढीग. त्यात एक विचित्र आकाराचा प्राणी.)

हा प्राणी कुठल्याही पुराणातून आलेला नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दोन निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, हाँगकाँगमध्ये बनलेली प्लॅस्टिकची स्वस्त खेळणी मूर्ती म्हणून टेबलावर वापरत असे. त्यातल्या एका ओळखू न येणाऱ्या आकाराचा आउलबेअर झाला. १९७५ च्या ग्रेहॉक या पुरवणीत तो पहिल्यांदा छापला गेला. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या नियमपुस्तकात तर त्याच्या अंड्याला २,००० आणि पिल्लाला ५,००० सोन्याची नाणी असा बाजारभावही दिला होता. म्हणजे पाळण्याची हौस जुनीच आहे.

२०१४ चं मॉन्स्टर मॅन्युअलही नाही म्हणत नाही. वेळ, खाणं आणि नशीब पुरेसं असेल तर आउलबेअर मालक ओळखायला शिकतो, पहारा देतो, पाठीवर बसूही देतो, असं ते सांगतं. सरहद्दीवरच्या वस्त्यांमध्ये आउलबेअरच्या शर्यती लागतात, असंही त्यात आहे. तिथे पहिला कोण येणार यावर जेवढ्या पैजा लागतात, तेवढ्याच कोणता आउलबेअर आपल्या माणसावर उलटणार यावरही लागतात. पण किती वेळ, किती खाणं, किती नशीब, याचा एकही आकडा पुस्तकात नाही. ते डीएमनं ठरवायचं. इथून पुढे नियमांचे आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. मोकळ्या जागा कशा भरायच्या, ते आम्ही सुचवतोय.

(दृश्य: पात्राचा कागद. मंत्रांच्या यादीवरून फिरणारं बोट.)

रेंजर पहिल्यांदा मंत्रांची यादी उघडते. ॲनिमल फ्रेंडशिप: २४ तास प्राणी मित्र. बुद्धी ४ किंवा जास्त असेल तर मंत्र लागत नाही, आउलबेअरची बुद्धी ३. जमलं म्हणायचं? नाही. हा मंत्र फक्त 'बीस्ट' (साधे प्राणी) वर्गावर चालतो आणि आउलबेअरचा वर्ग 'मॉन्स्ट्रॉसिटी' (अनैसर्गिक राक्षस) आहे. प्राण्यांशी बोलायच्या स्पीक विथ ॲनिमल्स मंत्राचीही तीच गत. इथे डीएमनं सूट देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या पातळीच्या एका मंत्रात काम झालं तर पुढचं काहीच खेळायला उरत नाही. सातव्या लेव्हलला जादूगाराला चार्म मॉन्स्टर हा मोहिनीमंत्र मिळतो खरा, पण तो तासाभरात उतरतो. उतरल्यावर आपल्यावर मोहिनी कुणी घातली होती, हेही त्या प्राण्याला कळतं. ५९ हिट पॉइंटचा (म्हणजे तेवढा मार सोसणारा), फसवला गेलेला आउलबेअर दोन हातांवर उभा असणं हे काही पाळणं नव्हे.

तेव्हा मंत्र बाजूला, आणि खाणं पुढे.

(दृश्य: नकाशावर आउलबेअरपासून मोजलेले चौकोन. बाराव्या चौकोनावर मांसाचं चिन्ह.)

पहिला प्रश्न अंतराचा. आउलबेअर एका पाळीत ४० फूट धावून त्याच पाळीत हल्ला करू शकतो, आणि त्याचा पंजा आणखी ५ फूट पोचतो. म्हणून मांस ठेवून मागे सरकायचं ते किमान ६० फूट, नकाशावर १२ चौकोन. माणसाचा वेग ३० फूट, म्हणजे पळून सुटका नाही. लपूनही नाही, कारण नजर आणि वास या दोन्हींवर त्याला ॲडव्हान्टेज आहे, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. गट वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे हे डीएमनं विचारावं. विचारलं की खेळाडू आपोआप सावध होतात.

दुसरा प्रश्न पोटाचा. डंजन मास्टर्स गाइडप्रमाणे मोठ्या आकाराच्या प्राण्याला दिवसाला ४ पौंड अन्न आणि ४ गॅलन पाणी लागतं. एवढ्यावर तो जगतो, खूश होत नाही. दोन दिवसांना एक बकरी धरा. बकरीची किंमत १ सोन्याचं नाणं, म्हणजे महिन्याला १५. साध्या राहणीच्या माणसाला महिन्याला ३० लागतात. पैशानं हा प्राणी महाग नाहीच. अडचण होते ती पाच दिवसांच्या जंगलवाटेत बकऱ्या आणायच्या कुठून ही. शिवाय गटाबरोबर ७५ नाण्यांचा घोडा चालत असतो, आणि आउलबेअरच्या लेखी तोही शिधाच.

ससाणे पाळणारे लोक पक्ष्याचं वजन रोज करतात, कारण पोट गच्च भरलेला पक्षी हातावर परत येत नाही. हा व्यवहार टेबलावर जसाच्या तसा उचलावा. भुकेलेल्या पण उपाशी नसलेल्या आउलबेअरला, रोज त्याच वेळी, त्याच माणसानं खाणं दिलं, तर ॲनिमल हँडलिंगच्या, म्हणजे प्राणी हाताळायच्या कौशल्याच्या फाशाला ॲडव्हान्टेज. माणूस बदलला, वेळ चुकली, किंवा आदल्या रात्री त्यानं स्वतः हरीण मारून खाल्लं, तर साधा एकच फासा. आणि गटानं आधी त्याला जखमी केलं असेल तर उलटा हिशेब, दोनांतला लहान आकडा.

(दृश्य: कागदावर सहा रिकाम्या चौकटी. एकेक भरत जाते.)

आता वेळ. कागदावर सहा चौकटी काढायच्या आणि सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या. दिवसाला एकच प्रयत्न, डीसी (म्हणजे गाठायचा आकडा) १५. जमलं तर एक चौकट भरायची. थोडक्यात हुकलं तर काही नाही. ५ किंवा जास्त आकड्यांनी हुकलं तर एक चौकट पुसायची आणि त्या पाळीत आउलबेअर एक पंजा मारतो, सरासरी १४ हिट पॉइंट. तिसऱ्या लेव्हलच्या जादूगाराकडे एकूणच वीसच्या आत-बाहेर असतात, तेव्हा जवळ कुणी उभं राहायचं यावर गटात चर्चा होतेच.

आकडे असे पडतात. रेंजरचं कौशल्य +४ धरू, म्हणजे फाशावरच्या आकड्यात ४ मिळवायचे. साध्या फाशानं यशाची शक्यता ५० टक्के आणि पंजा खाण्याची ३० टक्के. ॲडव्हान्टेज असेल तर ७५ आणि ९. सहाही चौकटी भरायला ॲडव्हान्टेजनं सरासरी ९ दिवस लागतात, त्याशिवाय सुमारे २३. फासा तोच, डीसी तोच. फरक फक्त बकरी वेळेवर मिळाली की नाही याचा. नशिबाचा वाटा उरतो, पण निकाल खेळाडूंच्या तयारीवर लागतो.

दोन चौकटींना तो समोर बसून खातो. चारला मागोमाग चालायला लागतो आणि हात लावू देतो. सहाला पाठीवर बसू देतो आणि तीन आज्ञा पाळतो: थांब, ये, हल्ला कर. चौथी आज्ञा हवी असेल तर पुन्हा दोन चौकटी. प्रत्येक टप्प्याला काहीतरी हाती लागणं महत्त्वाचं. नऊ दिवस नुसते फासे टाकून शेवटी एकदम सगळं मिळणार असेल तर तिसऱ्या दिवशीच टेबलावर मोबाइल निघतात.

आणि हे नऊ दिवस एका सत्रात उरकू नयेत. सत्राला दोन किंवा तीन प्रयत्न, प्रत्येकी पाच मिनिटं, बाकी वेळ मूळ कथेला. उरलेल्या तिघांचा विचार कुणीच करत नाही, आणि बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. एकीच्या प्राण्यासाठी तिघांनी तासभर बसून राहायचं का? त्यांना कामं द्या. बकऱ्यांची सोय फायटरकडे, म्हणजे तलवारबाजाकडे. गावाच्या वेशीवर पहारेकऱ्याला पटवणं जादूगाराकडे. फासा मात्र रेंजरचाच.

(दृश्य: लढाईचा नकाशा. पाळ्यांच्या क्रमाची यादी, त्यात आउलबेअरचं नाव खोडलेलं.)

लढाईत खरा घोटाळा होतो, कारण आउलबेअर एका पाळीत चोच आणि पंजे दोन्ही चालवतो. दोन्ही लागले तर सरासरी २४. तिसऱ्या लेव्हलचा फायटर मोठ्या तलवारीनं एका फटक्यात सरासरी १० करतो. म्हणजे पाळीव आउलबेअर एकटाच दोन फायटरांहून भारी. मग डीएम शत्रू वाढवतो, वाढलेले शत्रू बाकीच्यांना झोपवतात, आणि रेंजर सोडून कुणालाच मजा येत नाही.

उपाय सोपा आहे: त्याला स्वतःची पाळी द्यायचीच नाही. तो रेंजरच्या पाळीत हलतो. हल्ला करवायचा असेल तर रेंजरनं स्वतःची ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्च करायची, आणि त्या बदल्यात आउलबेअरचा एकच हल्ला, चोच किंवा पंजे. आज्ञा नसेल तर तो नुसता बचाव करतो. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा फटका मिळतो, तेव्हा आउलबेअरलाही दोन्ही हल्ले उघडून द्यावेत. त्याआधी नाही.

सवारीचे नियम तर बहुतेक जण अर्धेच वाचतात. ताब्यात ठेवलेलं वाहन फक्त तीन गोष्टी करू शकतं: डॅश (जास्त धावणं), डिसएंगेज (फटका न खाता मागे हटणं) आणि डॉज (वार चुकवणं). हल्ला नाही. पाठीवर बसूनही त्यानं चावावं असं वाटत असेल तर लगाम सोडावा लागतो, आणि मग तो आपल्या मर्जीनं वागतो. मर्जी कुणाची? बुद्धी ३ असलेल्या, रक्ताचा वास आलेल्या प्राण्याची. चढायला-उतरायला अर्धा वेग जातो, ३० पैकी १५ फूट, हे वेगळंच.

धोका कायम राहावा म्हणून एक नियम मात्र आम्ही कुठल्याही टेबलावर वगळणार नाही. आउलबेअरचे हिट पॉइंट निम्म्यावर, म्हणजे २९ किंवा खाली आले, की रेंजरनं लगेच डीसी १० चा फासा टाकायचा. हुकला तर त्याच्या पुढच्या हालचालीत तो सगळ्यात जवळच्या जिवावर तुटून पडतो, मित्र असो वा शत्रू. रेंजरला हुकण्याची शक्यता २५ टक्के आहे. चारात एकदा. एवढ्यानं गट लढाईत आपापली जागा बदलतो. क्लेरिक, म्हणजे गटाला बरं करणारा पुजारी, तर त्याच्यापासून नेहमी दोन चौकोन लांब उभा राहायला शिकतो.

(दृश्य: गवतात एक मोठं अंडं. मग तेच, तडा गेलेलं.)

या सगळ्याला एक आडवाट आहे: गुहेत अंडं सापडणं. पिल्लू फुटतं तेव्हा समोर जो असेल त्याच्यामागे चालायला लागतं. ग्रेलॅग गूज या करड्या हंसाच्या पिल्लांवर प्राणीवर्तनाचा अभ्यासक कोनराड लोरेन्झनं हेच दाखवलं होतं, आणि अर्धा घुबड असलेल्या प्राण्याला ते लागू करायला कुणाची हरकत नसावी. इथे चौकटी नकोत, फासाही नको. पण पिल्लाला मोठ्याचे आकडे देऊ नका. काळ्या अस्वलाचे घ्या: १९ हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) ११, चॅलेंज रेटिंग (प्राणी किती भारी ते) अर्धा. अर्धा का, तर २०२० च्या पूरक पुस्तकातले साइडकिकचे, म्हणजे गटाच्या मदतनिसाचे, नियम नेमके तेवढ्यापर्यंतच्या प्राण्यांना लागू होतात. ते वापरले की पिल्लू गटाबरोबर लेव्हल चढत जातं. माणसाळवलेला मोठा आउलबेअर मात्र ५९ वरच थांबलेला असतो. तिसऱ्या लेव्हलला तो गटाला भारी पडतो, आणि आठव्या-नवव्या लेव्हलला पहिल्या दोन पाळ्यांतच आडवा होतो.

म्हणून मरणाचं आधी ठरवून ठेवा. नियमानं राक्षस शून्यावर आला की मेला. पण खास पात्रांना खेळाडूंसारखे डेथ सेव्ह (जीव वाचवायचे फासे) देण्याची मुभा डीएमला आहे, आणि इथे ती वापरावी. फासे रेंजरनं टाकायचे, डीएमनं पडद्याआड नाही. तिन्ही हुकले तर क्लेरिककडे रिव्हिव्हिफाय हा जिवंत करायचा मंत्र असू शकतो: मरणानंतर एका मिनिटाच्या आत, आणि ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे खर्च करून. ते हिरे गटानं जादूगारासाठी राखून ठेवलेले असतात. द्यायचे की नाही, हे टेबलावर चौघांनी ठरवायचं असतं, आणि त्यांच्याकडे दहा पाळ्या असतात.