शेजारी बसलेला बाप

(दृश्य: हेडफोन लावलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा लिफ्टची बटणं न्याहाळतोय. निवेदन वडिलांच्या आवाजात.)

माझा मुलगा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. डॉक्टर असोत की शिक्षिका, प्रश्न आईला. रात्री झोपतो का? बोट दाखवून काही मागतो का? मी शेजारीच असतो. माझ्याकडे वळतात ते फाइल मागायला.

ही सवय जुनी आहे. १९४३ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझमची वेगळी ओळख झाली. पुढे कितीतरी वर्षं खापर आईच्या डोक्यावर फुटत राहिलं: तिनं माया लावली नाही, म्हणून मूल असं. हे खोडून काढणाऱ्यांत एक बाप होता. बर्नार्ड रिमलँड, मानसशास्त्रज्ञ, मुलगा ऑटिस्टिक. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की कारण जैविक आहे, संगोपनात नाही. (लसींमुळे ऑटिझम होतो, हा त्यांनी पुढे घेतलेला संशय मात्र विज्ञानात टिकला नाही.)

माझा मुलगा बोलतो, पण उसन्या वाक्यांत. ऐकलेलं जसंच्या तसं, त्याच सुरात. याला एकोलेलिया म्हणतात. पूर्वी ही निरर्थक बडबड समजून बंद करायला लावायचे. 'कृपया दरवाजापासून दूर राहा' हे तो लिफ्टमध्ये म्हणतच नाही. पाहुणे फार जवळ आले की म्हणतो. 'पुढील घोषणेची वाट पाहा' म्हणजे थांबा, मला वेळ द्या. हे उमगलं की गप्पा मारता येतात. मीही त्याच सुरात उत्तर देतो. बायको म्हणते, घरात दोन स्टेशनमास्तर झालेत.

(दृश्य: सार्वजनिक स्वच्छतागृह, हात सुकवायचं यंत्र.)

हे सुरू झालं की तो कान दाबून खाली बसतो. आपल्याला नुसता आवाज. त्याला तो दुखतो. लहान होता तेव्हा लोक हसून बाजूला व्हायचे. आता माझ्या खांद्याला लागलाय, तर मोबाइल काढतात. मी मध्ये उभा राहतो. समजावत कुणालाच बसत नाही.

आणि हो, 'डोळ्यांत बघ' असं मी त्याला सांगत नाही. मान वळवलेली असते तेव्हाच तो नीट ऐकतो.

'तुमच्यानंतर काय?' हा प्रश्न मात्र हमखास मला येतो. सध्या उत्तर म्हणून एक वही आहे: त्याची वाक्यं, त्यांचे अर्थ, न सोसणारे आवाज, दात घासायचा क्रम. धाकटी बहीण त्यात दुरुस्त्या करते. वही पुढे तिच्याच हाती जाणार, असं सगळे धरून चालतात. तिला अजून कुणी विचारलेलं नाही.