आईचं माहेर आणि स्कॉटलंडचा सालगडी

(साताऱ्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या भाषणाचं शब्दांकन. माइकबद्दलच्या तक्रारी गाळल्या आहेत.)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, 'स्कॉटिश पूर्वजांचा शोध आणि आपले कुलवृत्तांत'. पहिल्या भागाला वीस मिनिटं, दुसऱ्याला वीस, असं मी घरून ठरवून निघालोय. साडेसहाला चहा आहे हे मला दारातच दोघांनी सांगितलं, त्यामुळे तेही ध्यानात आहे.

तुमच्यातले निम्मे लोक मला तलाठी म्हणूनच ओळखतात. फेरफार, सातबारा, वारसनोंदी यांत जन्म गेला. निवृत्त झालो तरी कागदाचा नाद सुटत नाही. मुलगी अ‍ॅबर्डीनला असते, जावई तिथलाच, स्कॉटिश. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो, तेव्हा नात शाळेतून वंशवृक्षाचा कागद घेऊन आली. "आबा, भरून द्या." आमची बाजू मी दहा मिनिटांत भरली. सात पिढ्या, सगळे पुरुष. हे लक्षात ठेवा, पुढे यावरून माझीच फजिती होणार आहे.

जावयाची बाजू भरायला विहीणबाई आल्या, कापडी पिशवीत घरचं बायबल घेऊन. जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो, त्याच्या मधल्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायची त्यांच्याकडे पद्धत. पहिलीच नोंद एका बाप्याची, जन्म १८३१. नाव मी सांगत नाही, जावई रागावेल. शेतावर गडी होता, म्हणून आपण त्याला सालगडीच म्हणू. त्याच्या बापाचं नाव पानावर नाही, पण विहीणबाईंना तोंडपाठ गोष्ट होती: तो जहाजाचा कप्तान होता आणि समुद्रात बुडाला. मी मान डोलावली. आपल्याकडे नाही का, प्रत्येकाचा मूळ पुरुष पेशव्यांच्या पदरी असतो! पेशव्यांच्या मुदपाकखान्यात पाणी कोण भरत होतं, ते एकाही घराण्यात सापडत नाही.

मग मी एडिंबराला गेलो. प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला त्यांचं दफ्तर, जनरल रजिस्टर हाउस. आणि दारात घोड्यावर कोण बसलंय? वेलिंग्टन! म्हणजे आपल्या असईच्या लढाईतला वेलस्ली, १८०३ चा. त्या लढाईत ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. म्हटलं, साहेब, तुमची माणसं आमच्याकडे येऊन गेली, आता मी तुमचे कागद बघायला आलोय. सौभाग्यवती म्हणाली, पुतळ्याशी बोलू नका, लोक बघताहेत.

शेजारच्या इमारतीत घुमटाखाली गोल गॅलऱ्या आहेत आणि त्यांत वह्याच वह्या. जन्माच्या लाल बांधणीच्या, मृत्यूच्या काळ्या, लग्नाच्या हिरव्या. आमच्या रेकॉर्डरूममध्ये रंग एकच होता, धुळीचा.

तिथे सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ ला. त्याआधी सगळं चर्चकडे, पॅरिशकडे. पॅरिश म्हणजे चर्चची हद्द, आपला तलाठी सजा म्हणा. सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरलची, १५५३ ची. पण नोंद करणं सक्तीचं नव्हतं. पाळकाचा कारकून लिहील तर लिहील. त्यात १७८३ साली सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर बसवला, आणि ११ वर्षं पुष्कळ लोकांनी बारसं केलं पण नोंद चुकवली. दस्ताचं मुद्रांक शुल्क वाचवायला साठेखतावर भागवणारी मंडळी या खोलीतही आहेत, त्यांना हे सहज समजेल.

शोध घ्यायचा तो उलटा, मृत्यूपासून जन्माकडे. स्कॉटलंडचा मृत्यूचा दाखला म्हणजे सोनं हो! त्यात मेलेल्या माणसाच्या बापाचं नाव असतं, आईचं नाव असतं, आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्यूच्या दाखल्यात आईबापांसाठी रकानाच नाही. आणि १८५५ हे पहिलं वर्ष तर विचारूच नका. कुणीतरी हौशी अधिकाऱ्याने इतके रकाने आखले, की जन्माच्या नोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी नि कुठे, आधीची मुलं किती, त्यांतली जिवंत किती! लिहिणारे कारकून टेकीला आले आणि पुढच्याच वर्षी यातलं बरंच काढून टाकलं. मी त्या कारकुनांच्या बाजूचा आहे. पण आमच्या सालगड्याचं लग्न नेमकं १८५५ चं. लॉटरीच! त्यावरून त्याचं जन्मगाव मिळालं, अ‍ॅबर्डीनशायरमधली एक पॅरिश. बापाचा रकाना मात्र कोरा. मृत्यूच्या दाखल्यातही कोरा. आईचं नाव दोन्हीकडे, पुढे तिचा धंदा: शेतावरची मोलकरीण.

कप्तान बुडाला तो इथे.

आता नावांची भानगड. त्यांच्याकडे थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं. अगदी आपल्यासारखं, पण जास्त काटेकोर. मूल गेलं तर पुढच्याला परत तेच नाव. परिणाम असा, की एका गावात एकाच नावाचे नऊ जण. ईशान्येच्या कोळीवाड्यांत, बकी वगैरे, तर निबंधकांनी कागदावर टोपणनावंच लिहून ठेवलीत. यात एक अपवाद आपल्या साताऱ्याशी संबंधित आहे. इथला रेसिडेंट, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, तिकडच्या बॅन्फचा. त्याने आपल्या थोरल्या मुलाचं नाव ठेवलं आपल्या वरिष्ठ साहेबाचं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. आजोबा राहिले बाजूला, साहेब आला पाळण्यात! तो मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. नोकरीत मलाही एकदोन साहेब चांगले मिळाले होते, पण माझी इतकी तयारी नव्हती.

मग एवढ्या सारख्या नावांत माणूस ओळखायचा कसा? आईच्या माहेरच्या आडनावावरून. माझ्या आजच्या भाषणाचा मुद्दा हाच आहे, पण तो दुसऱ्या वीस मिनिटांत यायचाय, म्हणून पुढे जातो.

पॅरिशच्या बारशाच्या वहीत सालगडी नाही. १८२९ ते १८३३ सगळी पानं पाहिली. आता कुठे जायचं? तिथल्या बाईंनी सांगितलं, कर्क सेशनच्या वह्या बघा. म्हणजे पाळक आणि चर्चचे वडीलधारे यांची पंचायत. दानपेटी, गोरगरिबांची मदत आणि गावाची अब्रू, तिन्ही त्यांच्या ताब्यात. लग्नाआधी मूल झालं की दोघांना बोलावणं, कबुली, दंड. दंड गरिबांच्या पेटीत. जुन्या काळी तर रविवारी सगळ्या चर्चसमोर उभं करत. त्यांचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स, ज्याच्या नावाने २५ जानेवारीला अजून जेवणावळी होतात, त्यालाही १८८६ मध्ये... चुकलो, १७८६ मध्ये मॉकलिनच्या चर्चमध्ये याच कारणासाठी उभं राहावं लागलं होतं.

या वह्यांचे फोटो आता घरबसल्या फुकट बघता येतात, पण आमच्या वहीला सूची नव्हती, पान पान उलटायचं. मी अकरा दिवस उलटत होतो. मोडी वाचलेला माणूस आहे, लपेटीला घाबरत नाही. बाराव्या दिवशी ती सापडली.

सभा १८३१ च्या वसंतातली. पहिली ओळ अशी, की अमुक नावाची अविवाहित मोलकरीण हजर झाली. तिकडचा खास शब्द 'कंपिअर्ड'. मूल झाल्याचं तिने कबूल केलं. बाप कोण? तिने नाव सांगितलं, पूर्वी ज्या शेतावर ती कामाला होती त्या शेतकऱ्याचा मुलगा. महिन्याने तो आला आणि नाही म्हणाला. त्याच्या पुढच्या सभेत पुन्हा नाही. पंच काही उठत नाहीत, तारीख पे तारीख. तिसऱ्यांदा दोघांना समोरासमोर उभं केलं. ती बोलली ते वहीत दोन ओळींत आहे: जागा सांगितली, धान्याचं कोठार, आणि वेळ सांगितली, मार्टिनमसच्या आधीचा आठवडा. पुढच्या ओळीत त्याची कबुली.

मार्टिनमस म्हणजे ११ नोव्हेंबर. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो, तसे तिकडे मे आणि नोव्हेंबरमध्ये गडी ठरायचे, सहा महिन्यांच्या बोलीवर. बोली संपली की पेटी उचलायची नि दुसरं शेत. म्हणून या लोकांची चार मुलं चार पॅरिशांत सापडतात. तिचीही बोली त्याच आठवड्यात संपत होती.

सभागृहात गणित चाललंय ते मला दिसतंय. हो, आदल्या वर्षीचा, म्हणजे १८३० चा नोव्हेंबर पकडला तर मूल सभेनंतर जन्मायला हवं, जमत नाही. मीही अडकलो होतो. सभा वसंतातली, पण १८२९ चा मार्टिनमस धरला की मूल १८३० च्या उन्हाळ्यातलं निघतं. म्हणजे बायबलातलं वर्षसुद्धा चुकीचं! वहीत पुढे 'मूल नऊ महिन्यांचं' असं लिहिलंय, तेव्हा जमलं. पंचांच्या कानावर गोष्ट उशिरा गेली, कारण ती तोवर दुसऱ्या पॅरिशमध्ये होती.

पुढे? त्याचं लग्न दुसरीकडे झालं, शेजारच्याच पॅरिशमध्ये शेती, सात मुलं, आणि १८५१ च्या जनगणनेत हा आमचा 'बुडालेला' कप्तान ठणठणीत. ती १८४१ च्या जनगणनेत दिसते, वय ३०. त्या वर्षी पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचा नियम होता, त्यामुळे तीस ते चौतीस काहीही. १८५१ मध्ये ती नाही. १८५५ च्या आधीची, म्हणून मृत्यूचा दाखलाही नाही. मिळाली ती हिशेबाच्या वहीत. प्रेतावर घालायला पॅरिशकडे एक मखमली चादर असायची, मॉर्टक्लॉथ, ती भाड्याने देत. दफनाची वही नसली तरी चादरीच्या भाड्याची असते! १८४७ च्या पानावर तिचं नाव आणि पैशांच्या रकान्यात काही नाही. चादर फुकट दिली होती.

आणि आता बघा. पोराने आडनाव लावलं आईचं. तेच त्याच्या मुलांनी लावलं, तेच जावयाचं, तेच माझ्या नातीचं. आज माझी नात शाळेत हजेरीला जे आडनाव सांगते, ते त्या मोलकरणीचं माहेर आहे.

(घंटा.) काय? सहा वीस? अहो, दुसरा भाग आत्ता सुरू होतोय! बरं, पळवतो.

हे सगळं विहीणबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, कप्तानापेक्षा ही बरी. आणि मला विचारलं, तुमच्या आजीचं माहेर कुठलं? मंडळी, मला सांगता आलं नाही. दुसऱ्यांच्या सात पिढ्यांच्या वारसनोंदी घातलेला माणूस!

घरी आल्यावर आमचा कुलवृत्तांत उघडला. आजोबांवर अकरा ओळी. शिक्षण, पाटाच्या पाण्याचा दावा जिंकला, चार मुलगे, चौघांच्या नोकऱ्या. शेवटी दोन शब्द: 'पत्नी वारल्या'. मी समितीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, सुनांची माहेरं घालायची तर ग्रंथाचे दोन खंड होतील. होऊ द्या की! पाटाच्या दाव्याला जागा आहे! काही कुलवृत्तांतांत माहेर नीट लिहितात, त्यांना हात जोडतो. आमच्यात नाही.

आपल्याकडे तर दोनदा तुटतं. आडनाव बदलतं ते बदलतंच, पण तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की पहिली मुलगी कागदावरून गेली. त्या काळची स्कॉटलंडची बाई लग्न होऊन मेली तरी थडग्यावर बहुधा माहेरच्या आडनावाने असते. आपला गाव नमुना १४, कोतवाल बुक, म्हणजे गावाची जन्म-मृत्यूची वही, मी शेकड्याने पाहिलेत. बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. आई कुठे आहे त्यात? १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात सरकारने आईचं नाव आणलं, चांगलं केलं. पण आईचं नाव आलं, माहेर नाही आलं. शंभर वर्षांनी एखाद्या गावात सुनीता नावाच्या चाळीस आया सापडतील, त्यातली आपली कोणती?

विल्सन कॉलेजचंही सांगायचं होतं. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं, साडेचारशेच्या वर पाळक बाहेर पडले, आणि इथे मुंबईत कॉलेजचे संस्थापक, मिशनरी जॉन विल्सन यांना चर्चसोबत शाळेची इमारतही सोडावी लागली. फूट पडली की कागदपत्रं दोन घरांत वाटली जातात, ते शोधताना कसं ध्यानात ठेवायचं, हा मुद्दा होता. राहू द्या. पुढच्या वेळी.

माझ्या आजीचं काय झालं म्हणता? चुलत आत्या ब्याण्णव वर्षांची, कराडला. फोन केला. म्हणाली, "तिचं माहेर ना, थांब." आणि पलीकडे आवाज थांबला. पाच मिनिटांनी म्हणाली, "आंब्याचं झाड आठवतंय रे दारातलं. गावाचं नाव येत नाही." मग नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे गेलो. त्यांच्या वहीत पणजोबांची सही आहे, मोडीत, आजोबांचीही आहे. आजी बरोबर गेली असणार, पण वहीत नाही. शोध अजून चालू आहे.

आता चहा. दारात टेबलावर एक वही ठेवलीय, चार रकाने आखलेत: स्वतःचं नाव, आईचं पाळण्यातलं नाव, आईचं माहेरचं आडनाव, माहेरचं गाव. जाताना भरा. आजीचंही येत असेल तर खाली लिहा. पेन दोऱ्याने बांधलंय, मागच्या वेळी दोन गेली.