नकोशी नोकरी निभावताना

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या सकाळी ज्यांना कामावर जायचे आहे आणि त्या विचारानेच ज्यांच्या पोटात आज गोळा येतो, त्यांच्याशी मला आज बोलायचे आहे. अशी नोकरी लाथाडून द्या असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि नशिबात आहे ते सोसा असे सांगणारे तर घरोघरी आहेत. पण या दोन्ही सल्ल्यांनी कोणाचा महिना निघत नाही. आज सोडता येत नाही अशा वाईट नोकरीत माणसाने स्वतःला शाबूत कसे ठेवावे आणि तिथून बाहेर पडण्याची तयारी कशी करावी, एवढाच माझा विषय आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका डाळ मिलच्या कचेरीत हजेरीचे रजिस्टर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सकाळी फाटकातून आत येणारी माणसे आणि पाळी सुटल्यावर बाहेर पडणारी तीच माणसे मी रोज पाहत आलो, आणि त्या पाहण्यातून जे उमगले तेच सांगतो आहे.

खानदेशात कष्टाच्या कामांना तोटा नाही. डाळ मिलमध्ये पॉलिशच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या भुवया दुपारपर्यंत धुळीने पिवळट होतात, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या शेडखाली पोती वाहणाऱ्याची काय गत होते हे त्यालाच ठाऊक. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका संध्याकाळी हाताला तेल चोळतात, तरी आग शमत नाही; रात्री तान्हे मूल पाजताना त्या आपले तळवे त्याच्या अंगापासून दूर धरतात. गावात काम नाही म्हणून सुरतेच्या गाडीत बसलेली आपली पोरे तिथल्या रंगाईच्या आणि लूमच्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. अंगमेहनत नाही म्हणून नोकरी सुसह्य असते, असेही नाही. फायनान्स कंपनीचे हप्ते वसूल करायला गावोगाव मोटारसायकल फिरवणारा तरुण कर्जदाराच्या दारात शिव्या खातो आणि संध्याकाळी शाखेत आल्यावर टार्गेट भरले नाही म्हणून साहेबाच्याही शिव्या खातो. विनाअनुदानित शाळेत आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर वर्षानुवर्षे नाममात्र पगारात, कधी त्याहूनही कमी पैशात शिकवणारे शिक्षक आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि सुटीत हेच शिक्षक शेतमजुरी करताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

यांपैकी कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते, ‘पोटसाठे करनं पडस, भाऊ.’ हे उत्तर खरे आहे. त्यामागे आणखी एक भीती आहे आणि ती आपल्या भागाच्या इतिहासातून आलेली आहे. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल या कापडगिरण्यांवर एकेकाळी हजारो कुटुंबांची चूल पेटत होती. साने गुरुजींनी अमळनेर-धुळ्याच्या याच गिरणी कामगारांसाठी जिवाचे रान केले. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि हातचे कौशल्य असलेली माणसे भाजीची गाडी लावून बसली. त्यांच्या मुलांना आणि नातवांना बाळकडू मिळाले ते असे की, नोकरी कशीही असली तरी ती धरून ठेवावी, कारण गेलेली नोकरी परत येत नाही. ज्या बापाने गिरणीचा भोंगा बंद झालेला ऐकला, त्याच्या या सल्ल्याला मी चूक म्हणू शकत नाही. त्यात लग्नाच्या बाजारात मुलाची पहिली चौकशी नोकरीचीच होते आणि घरावर पतपेढीचा हप्ता असतो. तेव्हा वाईट नोकरीत टिकून राहणारा माणूस दुबळा असतो, हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. त्याला दिवसाकाठी जेवढे धैर्य लागते तेवढे नोकरी सोडणाऱ्याला पुष्कळदा लागत नाही.

परंतु किती सोसायचे आणि काय अजिबात सोसायचे नाही, याची हद्द मात्र आखलीच पाहिजे, आणि ती शरीरापासून आखावी. याचे एक उदाहरण मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण कापूस हे आपले पीक आहे आणि दिवाळीच्या आगेमागे जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हजारो हात त्या धुळीत उतरतात. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्या काही जणांना सुटीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, दम लागतो. आठवडा सरत जातो तसे बरे वाटू लागते आणि पुढच्या सुटीनंतर पुन्हा तेच. घरचे म्हणतात, सुटी अंगात भिनली, कामाचा कंटाळा आला. तो स्वतःही तसेच समजतो. वास्तविक हा फुप्फुसाचा आजार आहे, त्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि कायद्यातही तो व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. सुरुवातीला धुळीपासून दूर झाले तर तो आटोक्यात येतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर छातीची तक्रार आठवडाभर राहू लागते आणि फुप्फुसाचे झालेले नुकसान भरून निघत नाही. नाकाला रुमाल किंवा उपरणे बांधल्याने बारीक धूळ अडत नाही, त्यासाठी नीट बसणारा चांगला मास्क लागतो. डॉक्टरकडे गेल्यावर केवळ खोकला आहे असे सांगू नका. आपण काय काम करतो, किती वर्षे करतो आणि त्रास कोणत्या दिवशी वाढतो हे सांगा, कारण ते सांगितल्याशिवाय डॉक्टरला हा आजार ओळखता येणे कठीण असते.

मनाच्या थकव्याचेही असेच आहे. कामाच्या सततच्या, न सावरलेल्या ताणातून येणाऱ्या अवस्थेची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आणि तिची तीन लक्षणे दिली: अंगातले त्राण संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन पूर्ण विटून जाणे आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असे वाटू लागणे. आमच्या मिलमधला तोलाईचा एक अत्यंत चोख माणूस मला आठवतो. वर्षभर त्याचा साहेब त्याला सर्वांसमोर घालूनपाडून बोलत होता, आणि पुढे पुढे तो एकच पोते तीनतीनदा काट्यावर ठेवू लागला. काटा बरोबर होता, माणूसही बरोबर होता; फक्त त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. कोणी रोज मूर्ख म्हटले की एक दिवस आपणच आपल्याला मूर्ख म्हणू लागतो, आणि वाईट नोकरीने होणाऱ्या सर्व नुकसानांत हे मला सर्वांत मोठे वाटते.

जी कामे जिवावर बेततात, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर जाळी नसताना हात घालायला लावणे, पाय घसरणाऱ्या शिडीवरून पोती चढवायला लावणे, ती सोसण्याची गोष्टच नव्हे. बाईच्या अंगचटीला जाणे, तिच्याशी घाणेरडे बोलणे हेही त्यातच आले. दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात तिथे 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. जिथे ती नाही, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. लोक काय म्हणतील या धास्तीत हे तीन महिने निघून जातात, म्हणून मुदत सांगितली.

आता निभावण्याविषयी. माझा पहिला आग्रह वहीचा आहे. आमच्याकडे चाळणीवर काम करणारी एक बाई होती, जेमतेम चौथी शिकलेली. कमरेच्या पिशवीत ती एक छोटी डायरी ठेवी आणि रोज त्यात चारच गोष्टी लिही: किती वाजता आले, किती वाजता सुटले, जादा तास किती झाले आणि मुकादमाने हातावर किती पैसे ठेवले. अक्षर वेडेवाकडे होते, पण एकही दिवस सुटलेला नव्हता. हिशेबाच्या दिवशी मुकादमाचे तोंडी गणित आणि तिची डायरी समोरासमोर आली, तेव्हा कचेरीतल्या आम्हा सर्वांना तिच्या डायरीप्रमाणे पैसे काढावे लागले, कारण मुकादमाकडे लिहिलेले काहीच नव्हते. त्या दिवसानंतर तिच्याशी बोलताना मुकादमाचा आवाज उतरला. वहीने काम हलके होत नाही, हे खरे. पण ज्याच्याजवळ नोंद आहे त्याला उडवून लावणे अवघड जाते, आणि आपल्या दिवसाचा हिशेब आपल्या हातात असल्याची जाणीव माणसाला ताठ ठेवते. साहेबाने अपमान केला तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवा. लिहिल्यावर ते शब्द डोक्यात घोळणे थोडे कमी होते, असा माझा अनुभव आहे.

वहीबरोबर आपले हक्कही ठाऊक असावेत. कारखान्यात आठवड्याला 48 तासांच्या वरचे काम म्हणजे जादा काम आणि त्याचा मोबदला दुपटीने द्यावा लागतो. महिन्याचा पगार साधारणपणे पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे, ते मागून घ्या. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर तो खरोखर भरला जातो की नाही हे उमंग ॲपवर आपले पासबुक उघडून पाहा. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांनी घरातल्या शिकत्या मुलाकडून पाहून घ्यावे. राज्य कामगार विमा लागू असेल तर त्याचे कार्ड कुटुंबाच्याही औषधपाण्याला उपयोगी पडते. वाद उद्भवलाच तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे विनामूल्य वकील मिळू शकतो. कायद्याची भाषा किचकट असते, म्हणून एकट्याने जाण्यापेक्षा चारसहा जणांनी मिळून जावे. एकट्याला कामावरून काढणे मालकाला सोपे असते, हे मी कचेरीच्या खिडकीतून पुरेसे पाहिले आहे.

दुसरी गोष्ट, नोकरीला दिवसाचा सगळा ताबा देऊ नका. सुटल्यावर घरी येईपर्यंतचा रस्ता, रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास, जे काही हाती उरते ते स्वतःच्या आवडीचे ठेवा. आमच्या रात्रपाळीत एक हमाल मारुतीच्या पारावरच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचा. मिलमध्ये त्याला कोणी नावानेही हाक मारीत नसे, पण पारावर तो आल्याशिवाय भजन सुरू होत नसे. आपल्यावाचून ज्यांचे अडते अशी चार माणसे कामाच्या बाहेर असली, तर कामावरचा अपमान माणसाला पुरता गिळू शकत नाही. कोणी क्रिकेट खेळेल, कोणी परसात भेंडी-गवार लावील, कोणी बहिणीच्या मुलाचा अभ्यास घेईल. दारूची मात्र गोष्ट वेगळी आहे. अंगदुखी विसरायला म्हणून घेतलेला पहिला घोट पुढे पगार खातो आणि ज्या नोकरीला आपण विटलो त्याच नोकरीला आपल्याला जन्मभर बांधून ठेवतो.

तिसरी गोष्ट बाहेर पडण्याची. सोसण्याला मुदत हवी. ही मुदत मनात न ठेवता घरच्यांसमोर बोलून ठरवावी: अमुक कर्ज फिटेपर्यंत, थोरलीची बारावी होईपर्यंत, किंवा हातात तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे जमेपर्यंत. तोवर रिकामे बसू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री, वेल्डर, फिटर यांचे शिक्षण मिळते. ज्यांचे वय पुढे गेले आहे त्यांनी कामावरच्या कामातच एखादे यंत्र दुरुस्त करायला शिकून घ्यावे. आमच्याकडचा एक पोते शिवणारा मुलगा फावल्या वेळात मोटार बांधणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली बसू लागला आणि आज यावल तालुक्यात केळीच्या बागांतल्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करतो. पगाराच्या पावत्या, नियुक्तिपत्र, निधीचा क्रमांक, अनुभवाचा दाखला ही कागदपत्रे नोकरीत असतानाच एका जागी जमवावीत, कारण भांडून बाहेर पडलेल्याला ती नंतर सहसा कोणी देत नाही. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशाचा नियमही पाहून घ्यावा. कायम नोकरीत पाच वर्षे भरायला थोडेच दिवस उरले असतील तर रागाच्या भरात राजीनामा देऊन आपल्या घामाच्या पैशावर पाणी सोडू नये.

शेवटी घरच्यांना दोन शब्द सांगायचे आहेत. बाबांनो, आयांनो, सुरतेहून किंवा पुण्याहून मुलाचा फोन आला की पैसे कधी पाठवतोस हे जरूर विचारा, घर चालवायचे तर ते विचारावेच लागते. पण त्याआधी जेवलास का, झोप लागते का, साहेब कसा वागतो, हे विचारा आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या. त्याने परत येतो म्हटले तर भाऊबंदांत नाक कापले जाईल असे म्हणू नका. मुलगा गप्प गप्प राहू लागला, जगण्यात राम नाही अशी भाषा करू लागला, तर तो नाटक करतो असे समजू नका आणि त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानस ही मनाच्या त्रासात फोनवर सल्ला देणारी केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, तिचा क्रमांक 14416 असा आहे; तिथे दिवसरात्र मराठीतही बोलता येते आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. हा क्रमांक मोबाइलमध्ये आताच नोंदवून घ्या, आणि जो मुलगा बाहेरगावी कामाला आहे त्याच्याही मोबाइलमध्ये उद्याच्या फोनवर नोंदवायला सांगा.

नमस्कार.