मूल दिवसा चड्डी ओली करतं? आधी मापाचा कप आणि वही काढा

नमस्कार. “एवढी मोठी झाली, तरी चड्डी ओली!” हे तुमच्या घरात कुणी बोललं असेल, तर आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे. ते मूल आळशी नाही. मुद्दाम तर अजिबात करत नाही.

असं समजा, मुलगी सात वर्षांची, दुसरीत. शाळेतल्या बाथरूमला वास येतो, म्हणून ती तासन्‌तास लघवी दाबून धरते, पाणीही पीत नाही. घरी येताच जोराची लागते. पाय आवळते, टाच खाली दाबून बसते, आणि बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत थोडी सुटतेच.

डॉक्टर पहिल्यांदा मशीन लावत नाहीत, नोंदी मागतात. शनिवार-रविवार दोन दिवस ती किती प्यायली, किती वाजता लघवी केली, कपात किती मिली भरली, चड्डी कधी ओली झाली, सगळं लिहायचं. वयात १ मिळवून ३० ने गुणा: सात वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण २४० मिली मावायला हवी. दर वेळी ७०-८० च भरत असेल, तर डॉक्टरांना मोठा धागा मिळतो.

मग ते शीबद्दल विचारतात. आईबाबा इथे गोंधळतात, पण हाच प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मूत्राशय आणि गुदाशय अगदी शेजारी. कडक शी साठून राहिली की ती मूत्राशयाला दाबते; मग घाई होते, लघवी पूर्ण सुटत नाही, जंतुसंसर्ग होतो. म्हणून पुष्कळदा पहिलं औषध पोट साफ होण्याचंच असतं, आणि ते काही महिने चालतं. चार दिवसांत बंद करू नका.

जोडीला लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी. लघवी करून आल्यावर आत किती उरते, हे त्यात दिसतं. धार कशी आहे हे बघायला एका खास कमोडवर बसवतात; दुखत नाही. नळी घालून एक्स-रे सरसकट लागत नाही. तापासह संसर्ग पुन्हापुन्हा झाला किंवा सोनोग्राफीत काही दिसलं, तर तो विचार होतो.

उपचार म्हणजे मुख्यतः सवय. लागो न लागो, दर दोन-तीन तासांनी जायचं. पायांखाली स्टूल, गुडघे सैल, घाई नाही. चहा-कोला बंद. एवढ्यानं भागलं नाही, तर मूत्राशय शांत करणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधं. पण त्यानं शी कडक होऊ शकते, म्हणून आधी पोट.

फक्त रात्री अंथरूण ओलं होत असेल, तर पाच वर्षांपर्यंत काळजीचं कारण नसतं. त्याचे उपचार वेगळे.

मात्र सतत थेंबथेंब गळणं, मुलाची धार बारीक असणं, कमरेखाली मणक्यावर केसांचा पुंजका, किंवा अचानक खूप तहान आणि वजन घटणं, यांपैकी काही दिसलं तर वहीसाठी थांबू नका, लगेच दाखवा.

आणि डॉक्टरांकडून एक चिठ्ठी नक्की घ्या, वर्गशिक्षकांसाठी: “हिला तास चालू असतानाही बाथरूमला जाऊ द्यावे.”