एकाचा पगार, त्रेपन्न जणांचा संघ

२ फेब्रुवारी २०१४. न्यू जर्सीतलं मेटलाइफ स्टेडियम. सुपर बोलचा, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याचा, दुसरा क्वार्टर. डेन्व्हर ब्रॉंकोजचा क्वार्टरबॅक (पास टाकत आक्रमण चालवणारा खेळाडू) पेटन मॅनिंग पास टाकायला हात उचलतो, तेवढ्यात सिएटल सीहॉक्सचा क्लिफ अ‍ॅव्हरिल त्याच्या हातावर आदळतो. चेंडू हवेत उडतो. माल्कम स्मिथ तो झेलतो आणि ६९ यार्ड धावत, मैदानाच्या टोकाशी पोचून टचडाउन करतो. त्या मोसमात ६०६ गुणांचा विक्रम करणारा डेन्व्हर संघ ४३-८ असा हरला.

अ‍ॅव्हरिलला सिएटलनं त्याच मोसमाआधी दुसऱ्या संघाकडून खेचून आणलं होतं. त्यासाठी पैसे कुठून आले? त्याचं उत्तर सिएटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनच्या पगारात आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी पाळीपाळीनं नवखे खेळाडू निवडतात त्यात, ७५वा निवडलेला हा पोरगा त्या मोसमात सात लाख डॉलरही घेत नव्हता. मॅनिंग घेत होता दीड कोटी.

एनएफएलमध्ये १९९४पासून पगारांवर मर्यादा आहे. २०१३ साली ती होती १२ कोटी ३० लाख डॉलर. मालक कितीही गडगंज असो, ५३ जणांचा संघ त्यातच बसवायचा. शिवाय लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या करारानं नवख्यांचे पगार आधीच ठरवून टाकले. त्यामुळे चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात हाती लागला, की त्याचा पहिला करार संपायच्या आत जे साधायचं ते साधून घ्यावं लागतं.

२०१५मध्ये विल्सननं चार वर्षांसाठी ८ कोटी ७६ लाखांचा करार केला. पुढे सिएटलची ती जबरदस्त बचावफळी पांगली. दुखापती आणि वयही त्याला कारण होतं, पण त्या करारानंतर विल्सन असेपर्यंत सिएटल पुन्हा सुपर बोलला पोचलं नाही.

यात विल्सनचा काहीच दोष नाही. एका धडकेत कारकीर्द संपू शकते, अशा खेळात माणसानं आपलं मोल पुरेपूर वसूल करावंच. चुकतात ते संघ. दुसरा कुणी मिळणार नाही, या धास्तीनं ते उतरणीला लागलेल्या खेळाडूलाही अव्वल दर देतात. २०२२मध्ये डेन्व्हरनं विल्सनला आणलं आणि त्याच्या करारात साडेचोवीस कोटींची पाच वर्षं वाढवली. दोनच मोसमांत त्याला सोडून द्यावं लागलं. तो गेल्यावरही साडेआठ कोटींचा भार डेन्व्हरच्या हिशेबात राहिला.

कॅन्सस सिटीनं मात्र पॅट्रिक महोम्ससाठी हात आखडता घेतला नाही. २०२०मध्ये दहा वर्षं, ४५ कोटी. मग २०२२च्या मार्चमध्ये त्यांनी छातीवर दगड ठेवून टायरीक हिल हा आपला सर्वांत वेगवान खेळाडू मायामीला दिला आणि बदल्यात ड्राफ्टच्या पाच निवडी घेतल्या. त्या मोसमात मर्यादेतले सुमारे १७ टक्के एकट्या महोम्सवर गेले. तोवर सुपर बोल जिंकलेल्या क्वार्टरबॅकांत १९९४च्या स्टीव्ह यंगचे १३ टक्के सर्वांत जास्त होते.

फेब्रुवारी २०२३मध्ये सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीनं फिलाडेल्फियाला ३८-३५ असं हरवलं. त्या सामन्यात ड्राफ्टच्या सातव्या फेरीत निवडलेल्या आयझाया पचेकोनं एक टचडाउन केला आणि दुसऱ्या फेरीतल्या स्काय मूरनं दुसरा. दोघांचाही तो पहिलाच मोसम होता.