जेन्नेचा गिलावा

(पहाट. मशिदीची पूर्वेकडची भिंत, तीन मिनार.)

मालीमधलं जेन्ने. बानी नदीच्या पूरमैदानातलं जुनं व्यापारी शहर, आणि त्याच्या मधोमध ही मातीची मशीद. आजची इमारत 1907 सालची, जागा मात्र कितीतरी जुनी. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी अख्खं गाव एकत्र येऊन तिला हातांनी लिंपून काढतं. त्या सणाचं नाव क्रेपिसाज.

सणाची खरी सुरुवात होते काही आठवडे आधी, चिखलाच्या खड्ड्यात. गाळमाती, पाणी, भाताचा तूस. हे सगळं कुजू द्यायचं आणि अधूनमधून पायांनी तुडवायचं. तुडवायला पोरं असतातच, सांगावं लागत नाही. तूस कुजला की चिखल चिकट होतो आणि सुकताना कमी तडकतो. घाईघाईत कालवलेली माती भिंतीवर भेगाळते. मग पहिल्याच पावसाचं पाणी थेट विटांपर्यंत जातं.

(ढोल. धावणारी माणसं.)

आदली रात्र गाण्यांत जाते. उजाडताच पैज लागते: पहिली पाटी कोणत्या मोहल्ल्याची? तरुण चिखल वाहतात, बायका आणि मुली पाणी. ‘बारे-तोन’ या गवंड्यांच्या संघटनेतले वयस्क गवंडी समोर बसून हातवारे करत ओरडत असतात. कुठे थर पातळ पडला, ते त्यांना खालूनही दिसतं.

भिंतीतून बाहेर आलेले हे लाकडांचे जुडगे म्हणजे तोरोन. छायाचित्रांत ती नक्षी वाटते. खरं तर ही कायमची परांची आहे. शिडीवरून त्यांवर चढायचं, खालून आलेली पाटी झेलायची, तळहाताने गिलावा दाबत पसरायचा. लाकूड आफ्रिकेतल्या ताडाचं. त्याला वाळवी सहसा लागत नाही.

गच्चीवरचं पाणी भाजक्या मातीच्या पन्हळी भिंतीपासून लांब फेकतात. पन्हळ फुटली की पाणी भिंतीवरून ओघळतं आणि गिलाव्यात चर पाडत जातं.

(मशिदीचा दक्षिणेकडचा मिनार.)

पण गिलावा जास्त झाला तरी पंचाईत. वर्षानुवर्षं थरावर थर चढतात आणि भिंतींवरचं ओझं वाढतं. 5 नोव्हेंबर 2009 रोजी, चोवीस तासांत सुमारे 75 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, दक्षिण मिनाराचा वरचा भाग कोसळला. आगाखान सांस्कृतिक न्यासाच्या जीर्णोद्धारात साचलेले जुने थर खरवडून काढावे लागले.

मशिदीसाठी गाव धावून येतं. घरांचं तसं नाही. चांगली माती, तूस, गवंड्याची मजुरी, सगळं मालकाच्या खिशातून. म्हणून अनेकांनी भिंतींना भाजक्या मातीच्या फरशा लावल्या. दरवर्षीचा खर्च वाचला, शहराचं रूप पालटलं, आणि पिढीजात गवंड्याचं घरोघरचं काम कमी झालं. 1988 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं जेन्ने 2016 मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं. त्यामागे देशातली अशांतता होती, तशी या घरांची पडझडही होती.