पडद्यावर थांबलेली जुनी आवृत्ती

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीचे कामगार यंत्रापाशी येतात, तेव्हा शेजारी प्लास्टिकच्या पाकिटात कार्यपद्धतीचा कागद लटकत असतो. तेलकट बोटांचे ठसे उमटलेल्या त्या कागदावर ‘नियंत्रित प्रत’ असा शिक्का असतो. कामाच्या जागी चालू आवृत्तीच असावी आणि कालबाह्य आवृत्ती चुकूनही वापरली जाऊ नये, अशी आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाची अपेक्षा आहे. म्हणूनच एखादे माप बदलले, की दस्तऐवज विभागातला कर्मचारी शेडभर फिरून जुने कागद गोळा करतो, नवे लावतो आणि नोंदवहीत सह्या घेतो.

ही पायपीट वाचवण्यासाठी कागदाऐवजी ई-रीडरचा, म्हणजे पुस्तके वाचण्याच्या हातातल्या उपकरणाचा, विचार सुचणे स्वाभाविक आहे. त्याचा ई-शाईचा पडदा मराठवाड्याच्या भर उन्हातही कागदासारखा वाचता येतो आणि त्याला मुख्यतः पान बदलण्यापुरतीच वीज लागते.

मात्र याच गुणात सर्वांत मोठा धोका आहे. वीज नसली तरी या पडद्यावर शेवटचे पान टिकून राहू शकते. शेडच्या कोपऱ्यात वाय-फाय पोहोचत नसेल, तर कार्यालयात मंजूर झालेली दुरुस्ती तिथे उतरत नाही आणि ऑपरेटरसमोर कालचे माप स्वच्छ, ठळक अक्षरांत उभे राहते. मळलेल्या कागदावरून त्याचे वय निदान लक्षात येते. या पडद्यावर जुने आणि नवे पान सारखेच ताजे दिसते.

आकाराचीही अडचण आहे. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो आणि सहा इंची पडदा त्याच्या निम्म्याहूनही अरुंद, त्यामुळे पीडीएफमधले तक्ते आणि रेखाचित्रे वाचवत नाहीत.

मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो मराठी मजकुराचा प्रश्न. कामगारांसाठी लिहिलेल्या कितीतरी जुन्या सूचना कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व उपकरणांवर अक्षरे सारखीच ओळखणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या, फॉन्टमध्ये आहेत. अक्षर मोठे करता यावे म्हणून त्यांचे ईपब, म्हणजे पडद्यानुसार मजकूर जुळवून घेणारी फाइल, केले, की मराठी अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे उमटू शकतात. तो मजकूर युनिकोडमध्ये आणून ओळ न् ओळ जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते, आणि या कष्टाचा खर्च उपकरणांच्या दरपत्रकात दिसत नाही.

शिवाय ई-रीडर सहसा एका वाचकाच्या खात्यासाठी घडवलेला असतो, तर कारखान्यात तो तीन पाळ्यांच्या हातांतून फिरतो. त्यामुळे कोणती सूचना कोणी वाचली, याची नोंद वेगळी ठेवावी लागते. निदान प्रत्येक पानाच्या माथ्यावर आवृत्ती क्रमांक हवा आणि पाळी सुरू होताना पर्यवेक्षकाने तो चालू आवृत्त्यांच्या यादीशी ताडून पाहायला हवा.